सतराव्या विमानाची अक्षरं

येशू, मरिया, योसेफ

हॅटन क्रॉस, गुरुवार, दुपारचे दोन

प्रिय डिम्फनाताई,

(वरची तीन नावं हाताने सवयीने लिहून टाकली. शाळेत मदर इग्नेशियसने कोऱ्या पानावर पहिल्यांदा हीच नावं लिहायला शिकवलं, आणि एकसष्ट वर्षांत मोडलं नाही ते आता काय मोडणार. पण खाली जे लिहिणार आहे ते त्या पवित्र कुटुंबाच्या नावाखाली शोभेल की नाही याची मला शंका आहे.) तुझ्या कमरेचं दुखणं कसं आहे? नवीन गादीचा उपयोग झाला का? कोंबड्या अंडी देतात ना? तुमच्या शॅननला म्हणे तीन दिवस पावसाची नुसती झोड उठली आहे. छपरावरच्या त्या सैल कौलाकडे कुणाला तरी बघायला सांग. तू स्वतः शिडीवर चढू नकोस, चढशील म्हणूनच लिहिते. माझे गुडघे कुरकुर करत चालतात, पण चालतात. नॉर्मनची तब्येत डोळे सोडून उत्तम आहे. डोळ्यांचंच सगळं रामायण आहे, म्हणून फोन न करता पत्र लिहिते. फोन आमच्या बोळात टांगलेला आणि नॉर्मन स्वयंपाकघरात बसलेला. हा गृहस्थ बशीवर चमचा ठेवला तरी विचारतो, कॉनी, साखर दुसऱ्यांदा घेतलीस का.

ताई, मी खोटं बोलले आहे. लहानसहान नाही. नवऱ्याशी, त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या गोष्टीबद्दल, त्याच्या तोंडावर बोलले. तो पुढच्या शनिवारी नऊ माणसांसमोर त्याबद्दल केक कापणार आहे, आणि त्याच शनिवारी सगळं उघडं पडणार आहे.

तुला अर्धं ठाऊक आहे, पण मी पहिल्यापासून सांगते. पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला काही सांगताच येत नाही. (आई यावरून किती वैतागायची. साबण संपला हे सांगायला मी ईस्टरपासून सुरुवात करते, म्हणायची.) नॉर्मन चव्वेचाळीस वर्षं विमानं बघतो आहे. टपालखात्यात पत्रांची वर्गवारी करायचा तेव्हा पाळी संपली की, आणि निवृत्तीनंतर रोज सकाळी दहाला, धावपट्टीच्या टोकाला घरांच्या रांगेमागे जो हिरवा तुकडा आहे तिथे. तिथून विमान इतकं खालून जातं की आपली टोपी आपोआप धरली जाते. प्रत्येक विमानाच्या शेपटीपाशी त्याची स्वतःची अक्षरं असतात, गाडीच्या नंबरासारखी. नॉर्मनकडे जगभरच्या विमानांच्या छापील याद्या आहेत. विमान दिसलं, अक्षरं वाचली, की घरी येऊन पट्टी लावून त्या अक्षरांखाली लाल रेघ. नियम एकच: जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं त्याच्याखालीच रेघ मारायची. दुसऱ्याने पाहिलेलं, फोनमध्ये दिसलेलं, ढगात बहुधा असावं असं वाटलेलं, काही चालत नाही. एका माणसाने म्हणे एकोणीसशे ब्याऐंशी साली न पाहिलेल्या कॉन्कॉर्डखाली रेघ मारली. त्याचं नाव आजही या मैदानात कुणी घेत नाही, मलाही सांगितलेलं नाही.

मग गेल्या वर्षाआधीच्या नाताळात नॉर्मनच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटांचं काम आहे. नॉर्मन म्हणाला, सुरी कुणाच्या डोळ्यात जाणार आहे, तुमच्या की माझ्या. संपलं. विमान आलेलं त्याला दिसतं, रंगही कळतो, अक्षरांची मात्र पिठी होते. एक महिना तो रोज गेला आणि रोज कोरी वही घेऊन परतला. जेवणात मीठ कमी आहे हेसुद्धा बोलेना. तेव्हा विमानं बघणाऱ्यांच्या मंडळाचा चिटणीस सिरिल ओकशॉट याने सभेत ठराव मांडला. (सिरिल दाताने पेन्सिली कुरतडतो, पण मनाने चांगला आहे.) लग्नात पाद्रीबाबांनी नवरा-बायको एकदेह झाले असं जाहीर केलं असेल, तर कॉनीबाईंचे डोळे हे नॉर्मनचेच डोळे धरावेत. यावर दोन तास चर्चा झाली. विधुरांचं काय, असं एकाने विचारलं. घटस्फोट झाला तर रेघा कुणाच्या, असं दुसऱ्याने विचारलं. अखेर पाच विरुद्ध चार मतांनी मी नॉर्मनचे डोळे झाले.

तेव्हापासून चौदा महिने, ताई, मी घडीच्या खुर्चीवर बसते, मांडीवर घोंगडी, गळ्यात दुर्बीण, पिशवीत थर्मास आणि अंड्याची सँडविचं. दोन विमानांमध्ये नेमके सहा 'नमो मारिया' होतात, म्हणजे रोझरीची जपमाळ चालू ठेवता येते, फक्त मधेच थांबून अक्षरं ओरडावी लागतात. अक्षरं ओरडायची या लोकांची एक वैमानिकी पद्धत आहे, ती माझ्या डोक्यात शिरेना. मी संतांवरून सुरुवात केली. ए म्हणजे आग्नेस, बी म्हणजे ब्रिजिड, एक्स म्हणजे झेवियर, आणि क्यूला कुणी सापडत नव्हतं तेव्हा हुतात्मा क्विरिनस. सिरिल मेथडिस्ट आहे, पोपला न मानणाऱ्यांतला. आठवडाभर तो तणतणत होता, "या मैदानात पोप घुसवलाय तुम्ही, कॉनीबाई." आता तोच पलीकडून ओरडतो, "नॉर्मन, ब्रिजिड-झेवियर गेलं बघ." तक्रार करायला मला खूप आहे: पाय गारठतात, वारं मला कागदी पिशवीसारखं उडवून नेतं, जवळचं स्वच्छतागृह पेट्रोलपंपावर आहे आणि तिथला माणूस दर खेपेला चॉकलेट विकत घ्यायला लावतो. पण या चौदा महिन्यांत एकही अक्षर मी खोटं सांगितलं नव्हतं. जे वाचता आलं नाही ते नाही म्हणून सांगितलं.

आता मंगळवार. नॉर्मनची एक दुखरी जागा आहे. लांबच्या एका कंपनीची एकसारखी सतरा विमानं, त्यांतली सोळा त्याच्या वहीत लाल झालेली. सतरावं, ज्याची शेवटची अक्षरं के आणि क्यू, म्हणजे केविन-क्विरिनस, अकरा वर्षं त्याला हुलकावणी देतं आहे. आम्ही तुझ्याकडे आलो होतो त्या आठवड्यात ते इथे दोनदा उतरलं. (त्याने तुला तेव्हा काही दाखवलं नाही, पण परतताना बोटीवर तो माझ्याशी बोलला नाही.) मंगळवारी ते येणार अशी कुणकुण होती. पाऊस तिरपा लागत होता. मैदानात आम्ही दोघं, आणि सिरिल आपल्या गाडीत, काचांवर वाफ धरलेली. सव्वाअकराला त्या कंपनीचे रंग ढगातून खाली आले. नॉर्मन खुर्चीवरून उठला, टोपी काढली, आणि म्हणाला, "वाच, कॉनी."

मी त्याच्याकडे बघत होते, ताई. एवढंच झालं. पावसात टोपी काढून तो असा उभा होता, केस कपाळाला चिकटलेले, तोंड थोडं उघडं, न दिसणाऱ्या गोष्टीकडे बघत असलेला. लिमरिकच्या त्या नाचाच्या दिवशी दाराशी उभा होता ना, आत यावं की नाही हे न कळून, तसाच. तू म्हणाली होतीस, हा कुणाचा हरवलेला इंग्रज. मी दुर्बीण वर केली तेव्हा शेपूट घरांच्या छपरांमागे गेलं होतं. तो म्हणाला, "काय होतं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "केविन, क्विरिनस."

तो रडला. मग घरी येऊन त्याने पट्टी लावून रेघ मारली, मीच त्याचा हात धरून ओळीवर नेला. मग त्याने दोनदा जेवण घेतलं. मग सिरिलला फोन केला, आणि संध्याकाळपर्यंत सिरिलच्या बायकोने फळांचा केक भट्टीत घातला होता, वर साखरेची के आणि क्यू ही अक्षरं येणार आहेत. आणि आज सकाळी नॉर्मनच्या नावाने मंडळाच्या नेदरलँड्समधल्या एका सभासदाचं पत्र संगणकावर आलं. नॉर्मनची पत्रं मीच वाचून दाखवते, म्हणून ते मला आधी दिसलं. सोबत फोटो आहे: केविन-क्विरिनस, अर्धं पांढरं, अर्धं खरवडलेलं, रंगवायच्या शेडमध्ये शिडीला टेकून उभं. तारीख सोमवारची. जागा शॅनन.

तुझ्या घरापासून दोन मैलांवर, ताई.

पत्र सिरिललाही गेलं आहे. सुदैवाने सिरिल संगणक फक्त सभेच्या सकाळी उघडतो, पंधरा दिवसांतून एकदा. म्हणजे मला पुढच्या शनिवारपर्यंत वेळ आहे. नॉर्मनला मी पत्र वाचून दाखवलं, पण मधला मजकूर वगळला आणि त्याऐवजी तिकडच्या हवामानाबद्दल दोन वाक्यं घातली, म्हणजे आता खोटी दोन झाली. सांगावं तर चव्वेचाळीस वर्षांच्या वह्यांत एकुलती एक खोटी रेघ बायकोमुळे आली, आणि एक खोटी म्हटल्यावर चौदा महिन्यांच्या बाकीच्या रेघांवर तो कसा विश्वास ठेवणार? न सांगावं तर शनिवारी सिरिल सगळ्यांसमोर विचारणार, आणि हातात सुरी धरून उभा असलेला नॉर्मन त्या कॉन्कॉर्डवाल्यासारखा होणार. दोन दिवसांत मी तीन वेळा मीठ दोनदा घातलं. आज सूप चाखून तो म्हणाला, "समुद्रकिनारी आलो का आपण?" मला हसूसुद्धा येईना.

असो. तू काळजी करू नकोस, ती मी पुरेशी करते आहे. कोंबड्यांना माझी आठवण सांग, आणि कमरेला गरम पाण्याची पिशवी लाव.

तुझी धाकटी,
कॉन्सेप्टा

ता. क. काळजी करू नकोस लिहिलं खरं, पण एक काम कर. तुमच्या गल्लीतला तो डिक्लन त्या रंगवायच्या शेडमध्ये कामाला आहे ना, त्याला सहज विचार की ते विमान तिथे नेमकं कोणत्या दिवशी आलं. ते मंगळवारी रात्री आलं असेल आणि त्या डच माणसाने तारीख चुकवली असेल, तर कदाचित माझी अक्षरं चुकून खरीच असतील. सोमवारी किंवा त्याआधीच आलं असेल तर मला तसं कळव, मी सांगून टाकीन. नॉर्मन बुधवारी अकराला न्हाव्याकडे जातो, तेव्हा फोन कर. पिठाचे भाव विचारायला केलास असं म्हण.

ता. क. दुसरा. शुक्रवार सकाळ. पाकीट बंद करायचं राहिलं होतं, बरं झालं. डिक्लनला विचारू नकोस. न्याहारीला मी उकडलेल्या अंड्याचं डोकं उडवत होते आणि हातातला चमचा खाली ठेवून सगळं सांगून टाकलं, ईस्टरपासून नाही, सरळ. नॉर्मन पावाला लोणी लावत राहिला.

"माहीत आहे," म्हणाला.

मी विचारलं, कसं.

"सतरावं घोरतं, कॉनी. सतरांत त्या एकालाच वेगळ्या बनावटीचं इंजिन आहे. मंगळवारचं शीळ घालत गेलं. मोतीबिंदू डोळ्यात आहे माझ्या, कानात नाही."

"मग रडलास कशाला? आणि रेघ का मारलीस?"

तो पावाचे चौकोन कापू लागला. मग म्हणाला, "तुझ्या तोंडून ती अक्षरं ऐकली तेव्हा, खोटी आहेत हे कळूनही, दहा वर्षं उतरली अंगावरची. आणि मागे वळलो तर तुझे ओठ निळे पडले होते, तेवढं मला दिसतं. म्हटलं, सतरावं झालं एकदाचं असं वाटलं की ही तरी घरी बसेल. रेघ खोडायला काय, एक मिनिट लागतं."

चव्वेचाळीस वर्षांत त्याने मारलेली एकच खोटी रेघ, आणि ती माझ्या ओठांसाठी. मी त्याच्या अंड्यात मीठ घातलं, मग आठवलं की आधीच घातलं होतं. त्याने तेही खाल्लं. नंतर स्वतः सिरिलला फोन करून सांगितलं की नोंद चुकली, चूक माझी, कॉनीची नाही. सिरिलने विचारलं, केकचं काय. नॉर्मन म्हणाला, सोळा विमानांचाही केक होतो, अक्षरं खरवड आणि चहा ठेव. आणि ताई, डोळ्यांच्या दवाखान्यालाही त्यानेच फोन लावला. तेवीस तारीख मिळाली. म्हणतो, सतरावं आता मला स्वतःलाच बघावं लागणार, तुझ्यावर विसंबून भागायचं नाही.

ता. क. तिसरा आणि खरा. हे लिहायला मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आहे. फोन ठेवल्यावर नॉर्मनने माझी घोंगडी घडी करून कपाटात ठेवली आणि मोठ्या प्रेमाने म्हणाला, "तेवीसनंतर तुझी सुटका, बाई. गारठा नको, पेट्रोलपंपावरची चॉकलेटं नकोत. घरी ऊब घेत बस." मी देवाचे आभार मानले, मोठ्याने, त्याला ऐकू जातील असे. मग खोलीत येऊन पलंगाच्या काठावर बसले. या चौदा महिन्यांत मी किती कुरकुर केली ते वर लिहिलंच आहे, त्यातला शब्दही मागे घेत नाही. पण सकाळी दहाला तो एकटा टोपी घालून निघणार आणि मी दारातून हात हलवणार, हे काही मला जमेल असं दिसत नाही. त्याला तसं सांगितलं तर तो मला दयेपोटी नेईल, आणि दयेपोटी नेलेल्या माणसाला खुर्ची नेहमी टोकाला मिळते. म्हणून पुढच्या रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर तो तुला नेहमीसारखा फोन करील तेव्हा, आपलं सहज, कौलांबद्दल बोलता बोलता सांग की तुमच्याकडच्या डॉक्टरांच्या मते आपल्या वयाच्या बायकांच्या गुडघ्यांना उघड्यावरचा वारा फार मानवतो, रोज तीन तास. तू आयुष्यात खोटं बोलली नाहीस हे मला ठाऊक आहे, मदर इग्नेशियसने त्यासाठीच तुला चांदीचं पदक दिलं होतं. एकदाच बोल. पाप माझ्या नावावर मांड, मी कन्फेशनला सांगेन. आणि वारा पश्चिमेचाच हवा असं स्पष्ट सांग. पूर्वेच्या वाऱ्याला विमानं आमच्या मैदानावरून उतरत नाहीत.