तुझ्याकडे माझा आवाज आहे का?

१२ फेब्रुवारी

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक आहोत. तुझी छाती आता दुखत नाही, जिना हळूहळू चढतोस, असं वहिनीकडून कळलं. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं चुकवू नकोस. हृदयाचं ऑपरेशन झालंय, उगाच शहाणपणा करून सामानसुमान उचलू नकोस.

तू माझ्यावर रागावलायस, हेही कळलं. "दादाला भावाशी दोन शब्द बोलायला वेळ नाही. बघावं तेव्हा आंघोळीलाच कसा असतो?" असं म्हणालास म्हणे. बरोबर आहे तुझं. एवढा स्वच्छ मी जन्मात कधी नव्हतो.

इकडची खबर अशी की चिमणीने आपल्या बापाला नवा फोन घेऊन दिलाय. काचेवर बोटाने लिहायचं, बटण दाबलं की तो ते मोठ्याने वाचतो. आवाज बातम्या देणाऱ्या बाईसारखा. मी लिहिलं, 'पंखा बंद कर', तर बाईने ते असं सांगितलं की जणू कुठे पूल कोसळलाय. तुझी वहिनी हसून हसून बेजार झाली. बऱ्याच दिवसांनी हसली.

दुसरा उद्योग म्हणजे सहलींचे जुने व्हिडिओ. चिमणी ते कपाटातून काढून कॉम्प्युटरवर चढवतेय. तळ्यावरची सहल पाहिली, तू होडीतून उतरताना चपलेसकट पाण्यात गेलास ती. सगळे आहेत, तू, तुझी बायको, पोरं, वहिनी. मी कुठेच नाही. कॅमेऱ्याला कुणाला हात लावू देत नव्हतो ना! अधूनमधून नुसतं ऐकू येतं, 'सरक जरा', 'उजेडात ये', 'हस की मेल्या'. चिमणी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावून बसते.

परवा आमच्या लग्नाचा वाढदिवस होता. नदीकाठच्या आपल्या नेहमीच्या हॉटेलात गेलो. मी नको म्हणत होतो, पण वहिनी म्हणाली, "घरात भिंती खायला उठतात. तुम्ही नुसते समोर बसा." भर दुपारच्या उन्हात मी गळ्याला मफलर गुंडाळून बसलो. तो म्हातारा वेटर अजून तिथेच आहे. लगबगीने आला.

"साहेब! किती दिवसांनी! मासा आणू ना, तुमचा कडक तळलेला? आणि भाऊ कुठायत?"

मी मान हलवली. त्याला कळेना. घाईघाईत फोनवर लिहिलं आणि बटण दाबलं. 'मला काही नको. हिला वाढा.' बाईचा आवाज एवढा खणखणीत, की सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. शेजारच्या टेबलावरची लहान मुलगी खुदकन हसली. तिच्या आईने तिला दटावलं, ते मला जास्त लागलं.

वहिनीने मासा मागवला. पहिला घास तोंडाजवळ नेला आणि तिथेच थांबली. मी लिहिलं, 'खा'. बटण दाबलं नाही, फोन फिरवून दाखवला. मग ती खायला लागली, पाठ केलेला धडा म्हणावा तसा एकेक घास. मी काटे काढून तिच्या ताटात ठेवत होतो. शेवटपर्यंत दोघांनी मान वर केली नाही.

छोट्या, किती वेळ आडून आडून लिहिणार? तुझं ऑपरेशन झालं त्याच पंधरवड्यात माझंही झालं. गळ्यात गाठ होती, स्वरयंत्र काढून टाकलं. तुझ्या छातीचे टाके ओले होते, म्हणून मीच घरात सगळ्यांना शपथ घातली. वहिनी बिचारी तुझ्याशी फोनवर खोटं बोलून बोलून थकली. तिला बोल लावू नकोस.

सगळी नोकरी लिफ्टच्या खड्ड्यात ओरडण्यात गेली. अडकलेली माणसं आत रडत असायची आणि मी वरून सांगायचो, "घाबरू नका, दार ढकलू नका, मी आलोय!" आता गळ्यात भोक आहे आणि पोटात नळी. खाणं तिच्यातूनच जातं.

आणि गाठ परत आलीय. डॉक्टर म्हणाले, आता कापण्यासारखं काही उरलेलं नाही. वहिनीला अजून मोठ्या डॉक्टरांना दाखवायचंय, पण मी नाही म्हणून बसलोय. लिफ्टचा दोर किती झिजला की ती कायमची बंद करायची, एवढं मला कळतं.

चिमणी म्हणते, माणसाच्या आवाजाचे पुरेसे नमुने मिळाले तर यंत्र त्याच्याच आवाजात बोलतं. 'सरक जरा' एवढ्यावर ते होत नाही. मला स्वतःला नकोय रे. पण वहिनीला हवंय, माझ्यामागे ऐकायला. तिने आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी फोनवर बोलून पाठवलेले लांबलचक निरोप तू जपून ठेवायचास, 'दादाची भाषणं' म्हणायचास. त्यातलं काही उरलंय का, बघ. नसेल तर जिवाला लावून घेऊ नकोस. तुझा जीव आधीच शिवलेला आहे.

तुझा,
दादा


२७ फेब्रुवारी

प्रिय छोट्या,

आशीर्वाद. काल तुझा फोन आला, वहिनीने तो माझ्या कानाला लावला. आधी तू नुसता 'दादा, दादा' करत राहिलास. मग शिव्या घातल्यास, त्या बऱ्या वाटल्या. मग म्हणालास, ऑपरेशनच्या धावपळीत जुना फोन हरवला आणि सगळी भाषणं त्यातच गेली. आणि रडायला लागलास. तुझ्यापायी काही झालं नाही रे, असं मला सांगायचं होतं. पण घाईत भलतीच अक्षरं उमटत होती आणि बाई तिच्या स्वच्छ आवाजात काहीबाही वाचत होती. शेवटी मी वहिनीच्या फोनवर नखाने टकटक केलं. तू म्हणालास, "हो दादा." कशाला हो म्हणालास, ते तुलाच ठाऊक.

चिमणीने होतं तेवढ्यावर करून पाहिलं. आवाज निघाला. माझाच, पण कुणी माझं सोंग काढल्यासारखा. 'जेवलीस का?' एवढंच त्याने विचारलं. वहिनी खुर्चीवरून उठली. "बंद कर ते," म्हणाली, "माझं माणूस इथे बसलंय." चिमणीने पुसून टाकलं. मग पोरगी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ राहिली.

मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, तीही वहिनीने सोडून दिली. मला सांगितलं नाही. भरून ठेवलेली बॅग रिकामी करून माळ्यावर चढवताना दिसली, तेव्हा कळलं. नाही म्हणून हट्ट मीच धरला होता. तरी तिने माझं ऐकलं, तेव्हा ती बॅग परत खाली काढावीशी वाटली.

तू येतो म्हणतोस. डॉक्टरांना विचारून नीघ. पण फार लांबवू नकोस. मी खूप उतरलोय, दारातच थबकू नकोस. सरळ आत ये, खुर्ची ओढ आणि बोलायला लाग. काहीही बोल.

ऐकण्यापुरता उरलेला,
तुझा दादा