भाताच्या वखारीतला लिलाव

आई,

तुला जाऊन पंचवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मनातल्या मनात मी तुझ्याशी पुष्कळ बोलले, पण मावशीच्या लिलावाचा विषय कधी काढला नाही. आज काढते. माझेही केस पांढरे झालेत, चष्म्याशिवाय सुईत दोरा जात नाही, आणि हे माझ्याबरोबर गेलं तर जगात दुसऱ्या कुणालाच ठाऊक राहणार नाही.

मावशी आली ती सकाळ अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. तू ओटीवर मशीन मांडून कुणाच्यातरी बारशाची झबली शिवत होतीस. आपल्या त्या दोन खोल्यांपुढे मोटार येऊन थांबली आणि मोटारीमागून एक बैलगाडी, तिच्यात नऊ ट्रंका. मावशी उतरली. तिला त्याआधी पाहिल्याचं मला आठवत नव्हतं. ती सिनेमात असते, आणि घरात तिचं नाव काढायचं नाही, एवढंच मला माहीत. राजगडावर सिनेमाची कंपनी चित्रं घ्यायला आली होती, तेव्हा पालीच्या घरातून सोळा वर्षांची मावशी त्यांच्याबरोबर निघून गेली, आणि मामांनी तिच्या नावानं आंघोळ केली, हे मी चोरून ऐकलेलं. तेरा वर्षांनी ती तुझ्या दारात उभी होती. मला वाटलं, तू आता दार लावून घेशील. तू मशीनचं चाक हातानं थांबवलंस आणि म्हणालीस, "जेवलीस का?"

ती जेवली नव्हती. तू तिला चुलीपाशी बसवून भाकरी वाढलीस. भाकरी मोडता मोडता तिनं सगळं सांगितलं. बोलपट निघाले होते. आता नटीला नुसतं दिसून भागत नव्हतं, बोलावं लागत होतं. "मला यंत्रापुढं उबं केलं, आक्का. म्हनलं, बोला. मी बोलले. समदी हसली. म्हनली, ह्या मावळातल्या बोलीला राणी कोन म्हनंल?" दोन वर्षं तिनं मास्तर ठेवून शुद्ध बोलणं शिकून पाहिलं. जमलं नाही. आता तिच्याजवळ उरले होते ते कपडे. नुसते सिनेमातले नव्हेत, तिचे स्वतःचेही. पडद्यावरच्या राणीनं बाहेरही राणीसारखं दिसावं म्हणून तिची मापं फ्रान्सला धाडून शिवून आणलेले. ते विकून नीरेच्या काठी चार खणांचं घर घ्यायचं, कुणाच्या दारात राहायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

"मग मुंबईतच इकायचं," तू म्हणालीस.

"तितं मांडलं तर पेपरात येतं, बाई संपली म्हनून. हितं मांडलं तर पुन्याचं लोक गंमत म्हनून येत्यात. आन् गंमत बघायला आलेला मानूस हात सैल सोडतो."

तू हसलीस. तेवढं एकदाच. त्यानंतरच्या आठ दिवसांत तू हसलेली मला आठवत नाही, आणि त्याचं कारण मी होते. नसरापूरच्या स्थळाचा मला होकार आला होता. मी सातवी झालेली, सतरा संपलेलं, त्या काळी थोराडच नवरी. आणि बाप नसलेल्या मुलीला एवढं चांगलं घर मिळणं म्हणजे नशीबच. मावशी आल्याच्या तिसऱ्या दिवशी मध्यस्थ येऊन ओटीच्या कडेला बसला, पाणीसुद्धा घेतलं नाही. "पाव्हनं इचारत्यात, घरी कोन आलंय म्हनं? आलेलं मानूस गेलं तर बोलनं पुढं जाईल. लिलाव-बिलाव झाला तर मात्र आमी त्या गावचं न्हाई." तू म्हणालीस, "इचार करून सांगते." मी आतून ऐकत होते. तू इतकंच बोललीस आणि पुन्हा ट्रंका उघडून बसलीस.

कारण त्या कपड्यांनी तुला धरून ठेवलं होतं. प्रवासात काहींची शिवण उसवली होती, आणि उसवलेलं विकायला ठेवणं तुला पटत नव्हतं. जांभळ्या मखमलीचा झगा तू उलटा करून उजेडात धरलास आणि मला हाक मारलीस. "हे बघ गं. आतनंबी किती साफ हाय. जितं कुनी बघनार न्हाई तितं एवढी म्हेनत. शिवनारीनं आतूनबी लाज राखलीय." मी पाहिलं नाही. माझी सोयरीक मोडायला निघाली होती आणि तू मला शिवण दाखवत होतीस. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघी नदीवर गेलात, तेव्हा मी काचमण्यांचा तो पांढरा झगा अंगात चढवला. का चढवला, सांगता येणार नाही. हजारो मण्यांचं वजन खांद्यांवर आलं, आणि भिंतीवरच्या हातभर आरशात मला माझ्याऐवजी कुणी दुसरीच दिसली. तू दारात होतीस. तू आवाज चढवला नाहीस. "उतरव. ती तिची शेवटची पुंजी हाय. आपन शिवनारी मान्सं, दुसऱ्याचं अंगावर घेत न्हाई." तो झगा उतरवताना मी रडत होते, आणि मनात एकच येत होतं: हिला तिची लाज दिसते, माझी दिसत नाही.

त्याच दुपारी मी बाजारात गेले. पालीचे एक म्हातारबुवा भात घेऊन आले होते. मी त्यांना गाठलं आणि म्हणाले, "मामांना सांगा, येत्या आयतवारी वखारीत मावशीच्या कपड्यांचा लिलाव हाय. येऊन आईला अडवा म्हनावं." निरोप मी धाडला, आई. मला वाटलं होतं, मामा येतील, तुझ्याशी भांडतील, तू थोरल्या भावाचं ऐकशील, मावशी परत मुंबईला जाईल, आणि माझं लग्न होईल. एवढंच. खरंच एवढंच.

रविवारी आपल्या घरापलीकडची भाताची वखार भरली. एरवी तिथं आंबेमोहराचा वास असायचा; त्या दिवशी ट्रंकांतल्या अत्तराचा आणि डांबरगोळ्यांचा वास होता. पुण्याहून दोन मोटारी आल्या होत्या. एक नाटक कंपनीचा मालक, पुण्याच्या लष्कर भागातला एक पारशी कापडवाला, जरीकाठी नेसलेल्या तीन-चार बायका. गावातली माणसं भिंतीला टेकून नुसती बघायला उभी. त्यांच्यातच नसरापूरचे पाहुणे होते, माझे होणारे सासरे, काखेत छत्री धरून. मावशी साधं पांढरं पातळ नेसून कोपऱ्यात पाटावर बसली होती. पुकारायला पुण्याहून एक माणूस आणला होता. त्यानं पहिला झगा उचलला तो दोन बोटांनी, आणि म्हणाला, "बघून घ्या मंडळी, ह्यात कोण कोण मावलं असेल!" भिंतीकडची माणसं हसली. मावशी खाली बघत राहिली. तू तोंडाला पदर लावलास.

हसणं थांबायच्या आत मामा आत आले. बरोबर भावकीतले चौघे, आणि मामांच्या हातात रॉकेलचा डबा.

मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. जत्रेला मला रेवड्या आणणारे ते मामा नव्हतेच. पुकारणारा झगा टाकून बाजूला झाला. मामा सरळ पहिल्या ट्रंकेपाशी गेले, झाकण उघडलं आणि डबा वाकडा केला. तो भकभक आवाज मला आजही ऐकू येतो. तू "दादा, दादा, आवं थांबा" म्हणत पुढं झालीस, तर भावकीतल्या एकानं तुला हातानं मागं सारलं. मामांनी खिसे चाचपले. मग वखारीत नजर फिरवली आणि त्यांना मी दिसले.

"पोरी, घरात जा. काडेपेटी घिऊन ये."

आणि मी गेले.

तुला वाटलं मी भिऊन पळाले. नंतर कितीदा तू लोकांना सांगायचीस, "पोर भ्याली, घरात जाऊन बसली." मी भ्याले होते हे खरं, पण बसले नव्हते. चुलीमागच्या कोनाड्यातून मी काडेपेटी घेतली. हलवून पाहिली, काड्या आहेत का. वखारीत सासरे उभे आहेत, आता सगळं पाच मिनिटांत जळून संपेल, ते बघतील की या घरानं घाण जाळून टाकली, आणि कोरी होऊन मी नसरापूरला जाईन. हे सगळं मला त्या वेळी स्पष्ट दिसत होतं. मी पेटी मुठीत घेऊन वखारीच्या दाराशी परत आले.

तू त्या ट्रंकेवर बसली होतीस. झाकण लावून, त्याच्यावर मांडी घालून. सांडलेल्या रॉकेलनं तुझं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं झालं होतं. मामा तुझ्या पुढ्यात उभे होते. तू भावाकडे बघत नव्हतीस. तू मशीनवर बसतेस तशी बसली होतीस, काम आहे, ते संपेपर्यंत उठायचं नाही, अशी.

तेवढ्यात मावशी उठली. तिनं जमिनीवर पडलेला झगा उचलला, झटकला, आणि बोलायला लागली. तोवर मी तिला घरात हळूच बोलताना ऐकलं होतं. तो आवाज वेगळा होता. खिंडीपलीकडच्या गुराख्याला हाक मारावी, असा.

"हसून झालं आसंल तर ऐका. ह्यो मखमलीचा झगा. ह्यो घालून म्या आगीसारक्या दिव्यांपुढं धा-धा तास उबी ऱ्हायलेय. पायाला फोड आलं, पन बसले न्हाई, बसलं तर चुनी पडती. ह्यात कोन मावलं म्हनून इचारलं न्हवं? एकटी मी मावले. माजा घाम मावला. ज्याला पापाचा वाटंल त्यानं घिऊ नगा. ज्याला कष्टाचा वाटंल त्यानं बोली बोला."

मावळातली ती बोली. जिला सगळे हसले होते, तीच. वखारीत कुणी हसलं नाही. पण बोलीही कुणी बोललं नाही. मामा दाराकडे वळले, मला बघितलं, आणि हात पुढं केला. दोघांमध्ये सहा पावलं असतील. काडेपेटी माझ्या मुठीत घामानं ओली झाली होती.

"धा रुपये," तू म्हणालीस.

माझ्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतले; दुसरे तुझ्याजवळ नव्हतेच. ते सगळ्यांना समजलं. मामांना समजलं, सासऱ्यांनाही समजलं. थोरल्या बहिणीनं भरसभेत धाकटीच्या बाजूनं तोंड उघडलं होतं. मग पुण्याच्या एका बाईनं तुझ्याकडे बघत म्हटलं, "पंचवीस." पारशी म्हणाला, "चाळीस." नाटकवाला पुढं सरकला. मामांचा हात खाली आला. त्यांनी रिकामा डबा तिथंच सोडला आणि तुला म्हणाले, "आजपासनं तुला म्हायेर न्हाई." आणि गेले. काडेपेटी मी पाठीमागं धरली होती. मी ती दिली असती की नसती, हे मला आजही ठरवता येत नाही. दिली नाही, पण त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं. तू आधी बोललीस, इतकंच.

नसरापूरचे पाहुणे दुसऱ्या झग्याच्या बोलीआधीच छत्री सावरत निघून गेले. माझं लग्न पुढं झालंच नाही. मी मास्तरीण झाले, आणि सांगायला हरकत नाही, मला ते मानवलं. मावशीनं नदीकाठी घर घेतलं, सहा वर्षं राहिली, आणि तुझ्या मांडीवर गेली. मामा तिच्या मातीलाही आले नाहीत.

पण तू एक गोष्ट सोडली नाहीस. पालीला कुणी कळवलं? तुझा संशय समोरच्या काकूंवर गेला, कारण त्यांचं माहेर वेल्ह्याकडचं, पालीच्या वाटेवरचं. तू त्यांच्याशी बोलणं तोडलंस. त्यांच्या लेकाच्या लग्नासाठी शिवलेली चोळी तू मजुरी न घेता, तोंडही न बघता त्यांच्या उंबऱ्यावर ठेवलीस. काकू दोनदा येऊन शपथ घेऊन गेल्या, "म्या न्हाई ओ." मी आत तांदूळ निवडत होते. निवडत राहिले.

परवा काकूंची नात माझ्याकडे आली होती. म्हणाली, "आमची आजी मरेस्तवर म्हणायची, समोरच्या बाईचं मी काय वाकडं केलं? तुम्हाला काही माहीत आहे का?" मी म्हणाले, फार जुनी गोष्ट, आठवत नाही. ती गेल्यावर मी हे लिहायला बसले.

कारण मला चांगलं आठवतं. तुझ्या शेवटच्या आठवड्यात तू मला म्हणाली होतीस, "समूरच्या बाईला बोलाव. तिला म्हनायचंय, झालं ते झालं, माज्या मनात काय न्हाई." मी बाहेर जाऊन आले आणि तुला सांगितलं, काकू गावाला गेल्यात. त्या गेल्या नव्हत्या, आई. त्या समोरच्या दारात बसून सुपात जोंधळे पाखडत होत्या, त्यांनी मला विचारलंसुद्धा, "आता कशी हाय गं?" मी म्हणाले, झोपलीय. तुम्ही दोघी बोलला असता तर त्यांनी पुन्हा शपथ घेतली असती, आणि मरणाच्या दारात तू त्यांच्यावर विश्वास ठेवला असतास, आणि मग तू माझ्याकडे बघितलं असतंस.

हे पत्र कुठं धाडणार? घडी घालून ठेवून देईन. आणि खोटं कशाला बोलू, तू जिवंत असतीस तर हे मी लिहिलंच नसतं.