माणूस असं दाबत नाही

मरोळ, अंधेरी (पूर्व)
गुरुवार

प्रिय नाना,

पत्र बघून घाबरू नका. मी बरी आहे, नोकरीही शाबूत आहे. माझ्या घरमालकीण विनीआंटींनी हातात पाकीट बघितलं आणि विचारलं, "फोन बिघडला काय गं तुझा?" मी म्हटलं, माझा नाही, आमच्या नानांचा बिघडलाय, तो कायम स्पीकरवर असतो. त्या हसत सुटल्या. पण खोटं आहे का सांगा! तुमच्याशी फोनवर एक वाक्य बोललं की आई स्वयंपाकघरातून उत्तर देते आणि समोरच्या दारातून कुंडलिककाका त्यावर आपलं मत नोंदवतात. हे पत्र फक्त तुमच्यासाठी आहे. रोज अकराला तुम्ही खाली जाऊन पत्रपेटी उघडता, म्हणजे ते तुमच्याच हातात पडेल. वर जाण्याआधी खालच्या बाकावर बसून वाचा.

परवा ऑफिसात एका नव्या मुलीला मी माझं काम समजावून सांगत होते. बोलता बोलता लक्षात आलं की वाक्यं माझी नाहीत, तुमची आहेत. भांडुपच्या तुमच्या विजेच्या बटणांच्या कारखान्यात दसऱ्याला यंत्रांची पूजा असायची आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. मी तिसरीत असेन. तुम्ही मला तुमचं टेबल दाखवलंत. शंभर बटणांच्या खोक्यातून डोळे मिटून बारा उचलायची, प्रत्येक कानाशी धरून चाळीस वेळा दाबायचं आणि खटका ऐकायचा. मागून कोणीतरी ओरडलं, "नाना झोपले, त्यांचंच बटण चालू करा रे!" मी विचारलं, डोळे का मिटायचे? तुम्ही म्हणालात, "उघड्या डोळ्यांनी उचललं की हात चांगल्या नगाकडेच जातो गं. आपल्यालाही तो पास व्हायलाच हवा असतो ना!" बीएस्सीच्या तीन वर्षांत मला इतक्या थोडक्यात कोणी शिकवलं नाही.

तुम्ही सगळ्यांना सांगता, माझी पोरगी पण चेकिंगलाच आहे. त्यामुळे कुंडलिककाकांनी मला गणपतीत विचारलं होतं, "टीसी झालीस म्हणे. आता आम्हाला पकडणार का गं?" मी त्यांना समजवायचा प्रयत्न केला आणि हरले. तुम्हाला जमेल म्हणून सांगते. आम्ही जे बनवतो ते बनवणाऱ्यानेच तपासलं तर तो नीट, समजूतदारपणे तपासतो. आधी हे दाबायचं, मग ते. अशाने काही सापडत नाही. म्हणून मी एक प्रोग्रॅम लिहिला आहे, तो दिवसभर मनाला येईल ती बटणं दाबत बसतो. क्रम नाही, अर्थ नाही. एक बटण नऊ वेळा, मग दोन एकदम, मग शांत, मग पुन्हा धडाधड. आमच्या धंद्यात ह्याला माकड म्हणतात. तरी ते अगदीच बेशिस्त नाही. सुरुवातीला त्याला एक आकडा द्यायचा असतो, आणि तोच आकडा पुन्हा दिला की ते तीच बटणं त्याच क्रमाने पुन्हा दाबतं. त्यामुळे काही मोडलं तर कसं मोडलं ते चार लोकांना दाखवता येतं. मी त्याला तुमचा कारखान्यातला बिल्ला नंबर देते. आमच्या टीमचा प्रमुख मिहिर सकाळी आला की पहिलं विचारतो, "काय गं, तुझ्या माकडाने आज कोणाची वाट लावली?" आणि मी लाडाने यादी वाचून दाखवते.

सध्या आम्ही औषधांची एक पेटी करतो आहोत. एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसांसाठी. वेळ झाली की ती वाजते, गोळी खालच्या वाटीत पडते, आणि समोर तीन बटणं आहेत: 'घेतली', 'नंतर' आणि 'मदत'. ह्या पेटीवर माझा फार जीव आहे. पहिल्यांदाच वाटलं की आपण शिकलो त्याचा कोणाला तरी उपयोग होणार आहे. तर माकडाने तीन दिवसांत त्या पेटीची बटणं सव्वा लाख वेळा दाबली आणि एकदा, फक्त एकदा, पेटीने एका वेळेला दोन गोळ्या टाकल्या. मग त्या ढिगातून एकेक दाबणं कमी करत गेले. शेवटी चार उरली. घेतली, घेतली, नंतर, घेतली, आणि तीही दोन सेकंदांच्या आत. एवढ्यावर पेटी गोळी दिल्याचं विसरते आणि दुसरी देते. साखर कमी करायची गोळी अशी दोनदा पोटात गेली तर माणूस चक्कर येऊन पडेल. मी ते घेऊन मिहिरकडे धावले. त्याने बघितलं आणि म्हणाला, "गंधाली, माणूस असं दाबत नाही, यार. दोन सेकंदांत चार वेळा? माकडाचं एवढं मनावर घेऊ नकोस ना." मिहिर वाईट नाही, नाना. दोनशे पेट्या तयार आहेत, एक तारखेला एका रुग्णालयामार्फत दोनशे घरी जायच्या आहेत, आणि दोष काढायचा म्हणजे महिन्याची तपासणी पुन्हा पहिल्यापासून. मीही मनात म्हटलं, खरंच, कोण असं दाबेल?

त्या रविवारी मी मुलुंडला आले. आपण भाजी घेऊन वर येत होतो. तुम्ही लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलंत आणि दोन, तीन, चार असे सगळेच दिवे लागले. तुम्ही म्हणालात, "चला, आज सगळ्यांच्याच घरी जाऊन येऊ." मीही हसले. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं, बाहेर कोणी नव्हतं, दार मिटलं. तेवढ्या वेळात मला तुमचा उजवा हात दिसला. तुम्ही तो पिशवीच्या बंदात गुंतवून घट्ट धरला होता. पिशवीत एक कोथिंबिरीची जुडी होती आणि चार लिंबं.

मग एकेक दिसत गेलं. चहा तुम्ही हल्ली अर्धा ग्लासच मागता. शब्दकोडं मोठ्याने वाचता आणि भरायला आईला देता, वर म्हणता की तिची बुद्धी चालती राहायला हवी. आई खूश होते. गेल्या वर्षभरात मी दर रविवारी घरी आले, जेवले, झोपले, परत गेले, आणि जिला बारीक दोष शोधायचा पगार मिळतो तिला हे दिसलं नाही.

पुढच्या रविवारी मी ती पेटी घरी आणली. आत औषधांऐवजी श्रीखंडाच्या गोळ्या भरल्या होत्या. "नाना, आठवडाभर वापरून बघा, चेकिंगच्या नजरेने," असं मी म्हटलं आणि तुमचा चेहरा असा उजळला की मी तेव्हाच थांबायला हवं होतं. कारखाना बंद होऊन बारा वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत कोणी तुमच्या हातात काही देऊन सांगितलं नव्हतं की बघा, बरं आहे का. पुढच्या रविवारी तुम्ही मला समोर बसवून तोंडी रिपोर्ट दिलात. झाकणाचं बिजागर ढिलं आहे. वाजते ती मागे येणाऱ्या टेम्पोसारखी, म्हातारी माणसं दचकून बाजूला होतील. अक्षरं मोठी हवीत. बाकी माल पास. आई म्हणाली, "एवढ्या कौतुकाने माझ्या भाजीला कधी पास केलं नाहीत."

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला चार दिवस लागले. पेटी आतल्या आत नोंद ठेवत होती. कोणतं बटण, कधी, किती वेळ. हे मला माहीत होतं आणि तुम्हाला नव्हतं. तुम्हाला वाटलं तुम्ही तपासताय. खोक्यातून उचललेला नग तुम्ही होतात, नाना, आणि मी तो उघड्या डोळ्यांनी उचलला होता.

मी विचारलं नव्हतं तेही पेटीने मला सांगितलं. ती रोज सातला वाजायची आणि तुम्ही सात वीसला बटण दाबायचात. असं का ते मला आधी कळेना. मग आठवलं, सात वीसला आई दूध आणायला खाली जाते. आणि शुक्रवारी, सात एकवीसला, नोंद अशी आहे: घेतली, घेतली, नंतर, घेतली. वाटीत दुसरी गोळी पडली. तुमच्या रिपोर्टात बिजागर होतं, टेम्पो होता, ही गोळी नव्हती. सव्वीस वर्षांत ज्या माणसाने एक सैल खटका पुढे जाऊ दिला नाही, त्याने हा नग पास केला. मी ती ओळ पुन्हा वाचली आणि कळलं की तुम्हाला वाटलं, चूक आपल्या बोटाची आहे. म्हणून तुम्ही ती झाकलीत. नाना, चूक पेटीची होती. बोट थरथरलं तर थरथरू दे, पेटीने ते सांभाळून घ्यायला हवं. त्यासाठीच तर ती बनवली आहे.

सोमवारी मीटिंगमध्ये मी ती नोंद दाखवली. नाव दिलं नाही, 'वापरकर्ता क्रमांक सात' एवढंच. पडद्यावर एका बाजूला माझ्या प्रोग्रॅमची चार बटणं, दुसऱ्या बाजूला तुमची. मिहिर पडद्याजवळ गेला. "म्हणजे तुझं माकड..." असं म्हणाला आणि थांबला. पुढचं त्याने गिळलं. त्याला कोणीतरी माणूस दिसला असावा. तेव्हापासून तो शब्द मला ऐकवत नाही. सगळ्यांत जास्त मीच वापरत होते. मला वाटलं, आपण जिंकलो. आमच्या कंपनीच्या मालक नीला मॅडमही तिथे होत्या. त्यांनी विचारलं, "हे कोण आहेत? यांची लेखी परवानगी घेतलीस?" मी नकारार्थी मान हलवली. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "मग हे तुझ्याजवळ असायलाच नको होतं, गंधाली. परवानगी आणलीस तर हे घेऊन मी स्वतः रुग्णालयात जाते आणि तारीख पुढे ढकलते. नसेल, तर येत्या मंगळवारी माझ्यासमोर पुसून टाकायचं. मग आपण काही बघितलेलं नाही."

त्या बरोबर बोलल्या. सामान्य माणसाला कोणी विचारत नाही, अशी भाषणं मी ऑफिसात जेवणाच्या टेबलावर देते, तुम्हाला माहीत आहे. आणि पहिला सामान्य माणूस समोर आला तेव्हा मीच त्याला विचारायला विसरले. नाही, विसरले नाही. विचारलं तर तुम्ही नाही म्हणाल, म्हणून विचारलं नाही. ह्याला दुसरं काही नाव देता येत नाही. मी तुमची माफी मागते.

हाताबद्दल आईला मी काही बोललेले नाही आणि बोलणार नाही. ते तुम्ही सांगायचं, तुम्हाला वाटेल तेव्हा, पण फार उशीर करू नका. डॉक्टरांकडे जायचं ठरवलंत तर मी रजा टाकून बरोबर येईन. बाहेर बस म्हणालात तर बाहेर बसेन.

पाकिटात ह्या पत्रामागे एक कागद आहे, त्याच्यासाठीच हे सगळं लिहिलं. तुमची त्या आठवड्याची नोंद रुग्णालयाला दाखवायची की नाही, एवढाच प्रश्न त्यावर आहे, आणि खाली तुमच्या सहीची जागा. नाव कुठेही येणार नाही. दोनशे घरांचं ओझं मनावर घेऊ नका, असं मी इथे आधी लिहिलं होतं, मग खोडलं. ओझं आहेच, ते नाही म्हणणं म्हणजे तुम्हाला लहान मूल समजणं. तरीही नाही म्हणायचा तुम्हाला पुरा हक्क आहे, आणि तुम्ही नाही म्हणालात तर मंगळवारी मी माझ्या हाताने सगळं पुसेन आणि मिहिरशी नुसत्या प्रोग्रॅमच्या बळावर भांडेन. बँकेत दोनदा सही जुळली नाही म्हणून तुम्ही पासबुक आईच्या हवाली केलंत, हे मला आता समजतं. इथे जुळवायला जुनी सही कोणाकडेच नाही. आज येईल ती तुमची. वर 'हो' आणि 'नाही' अशा दोन चौकटी आहेत, त्यांतल्या एकीत खूण करा. कागद जरा लहान छापला गेला आहे, चौकटी जवळजवळ आल्या आहेत. खूण घसरून दोन्हींत गेली तर काळजी करू नका. मी माझ्या सोयीची धरणार नाही. रविवारी येऊन तुम्हाला पुन्हा विचारेन.

तुमचीच,
गंधाली