हात खाली घे

भिवंडी,
सोमवार, १२ जानेवारी २०२६

प्रिय निशा,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच. दहावी ‘ब’च्या वह्यांमध्ये लाल शाईने जिने तुमचा जीव नकोसा केला, तीच ही. फोन करता आला असता, पण तू “हो बाई, बरं बाई” म्हणून मोकळी झाली असतीस आणि मीही हवापाण्याचं बोलून सुटले असते. पाच वर्षं मी तेच करत आले आहे, म्हणून आज कागद घेऊन बसले. तोंडी परीक्षा चालू असताना मी तुला सगळ्या वर्गासमोर म्हटलं होतं, “निशा, हात खाली घे.” मला त्याबद्दल लिहायचं आहे. तुझी चौकट पडद्यावरून काढून टाकल्यावर पुढे काय झालं, ते तुला इतरांनी सांगितलं असेल. माझ्याकडून ते तुला कधीच कळलं नाही.

ते दिवस आठवतात ना? शाळेला कुलूप, आणि मी आमच्या आळीतल्या घरात देवघराकडे पाठ करून, गंधारचा म्हणजे माझ्या भाच्याचा जुना लॅपटॉप चार शब्दकोशांवर चढवून बसलेली. समोर तुम्ही अडतीस जण. जून-जुलैमध्ये कापडाचे लूम बंद होते तोवर सगळं ठीक चाललं. ऑगस्टमध्ये ते सुरू झाले आणि एके सकाळी तुमच्या माइकमधून असा खडखडाट घुसला, की माझं डोकं उठलं. मी लगेच फर्मान काढलं, माइक बंद ठेवायचे आणि घरात शांतता ठेवायची. कामतघरच्या पोरांना, ज्यांच्या भिंतीपलीकडे दिवसभर लूम चालतात त्यांना, मी घरात शांतता ठेवायला सांगत होते! जन्म भिवंडीत गेला माझा, वडिलांनी इथल्याच कचेरीत कारकुनी केली, पण लूमच्या कारखान्यात डोकावायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. माइक बंद झाले, माझ्या कानाला आराम पडला, आणि तुम्हालाही आता नीट ऐकू येत असेल असं मी धरून चालले.

कामतघरच्या पोरांपैकी तू तेवढी तिथे नव्हतीस. लॉकडाऊन लागायच्या आधी वज्रेश्वरीला पार्वतीमावशीकडे गेलीस ती तिथेच अडकलीस. देऊळ बंद, रस्ता सुनसान, मावशीचं ओटी-नारळाचं दुकान अर्धं उघडं, आणि त्यात नारळाच्या पोत्याला फोन टेकवून तू बसलेली. तुझी मान सारखी हलायची, ओठ हलायचे, बोटं चालायची. मला वाटायचं, या मुलीला एक क्षण स्वस्थ बसवत नाही. एकदा तर तुला पोटात जंत झालेत का, असं मी विचारणार होते. जीभ चावली, ते एक बरं केलं.

मग सप्टेंबरातली ती तोंडी परीक्षा. मी भावनाला प्रश्न विचारला. ती गप्प. तिचे डोळे पडद्यावर कुठेतरी खाली गेले. त्याच वेळी तुझ्या चौकटीत तुझे ओठ मोठमोठे हलले, दोन बोटं वर झाली, आणि भावनाने घडाघडा उत्तर दिलं. पुढच्याच्या वेळी तेच, त्याच्या पुढच्याच्या वेळीही तेच. तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडलेली बाई मी, मला आणखी पुरावा कशाला लागणार? तुला एक शब्द विचारला नाही. हात खाली घ्यायला लावले, वर “तोंडही बंद” असं म्हटलं, आणि बटण दाबून तुला वर्गाबाहेर काढलं. गुणांच्या रकान्यात शून्य लिहिलं. त्या दिवशी मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं होतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

तू परत आली नाहीस. त्यानंतर वर्ग गळायला लागला. अडतीसचे तीस झाले, तीसचे सतरा, आणि दिवाळी जवळ आली तेव्हा नऊ. जे येत, तेही भलत्याच पानावरची उत्तरं लिहून पाठवत. मला वाटलं, कॉपी बंद झाल्यामुळे यांची ही गत झाली. मुख्याध्यापकांनी सांगितलं की निदान घरोघरी जाऊन प्रश्नपत्रिका तरी देऊन या, म्हणून मी आपल्या शाळेतल्या शिपाई शांताबाईंना सोबत घेऊन निघाले. त्या कामतघरच्याच, त्यांना सगळी दारं ठाऊक.

पहिलं घर भावनाचं. तिच्या खोलीत पाय ठेवला आणि मला माझाच आवाज ऐकू येईना. घसा ताणून मी तिला विचारलं, वर्गात का येत नाहीस? तिने कानाकडे बोट दाखवलं, मग भिंतीकडे. भिंतीवरची तसबीर थरथरत होती, फळीवरचे पेले थरथरत होते. तिने फोन काढून वर्ग चालू असतानाचा, पडद्याचा टिपून ठेवलेला फोटो मला दाखवला. तिने माझी चौकट मोठी करून ठेवलेलीच नव्हती. पूर्ण पडद्यावर यायचीस ती तू. सव्वीस जणांनी, निशा, कामतघरच्या सव्वीसही पोरांनी तुला मोठं करून ठेवलं होतं. त्यांच्या फोनमध्ये मी कोपऱ्यात कुठेतरी टिकलीएवढी असायचे.

मग शांताबाई मला तुझी आई कामाला होती त्या कारखान्यात घेऊन गेल्या. गुणाबाई एका टोकाला धाग्याच्या कांड्या भरत होत्या, दुसरी एक बाई पार पलीकडच्या टोकाला, मध्ये चोवीस लूम धडधडत होते. आणि त्या दोघी गप्पा मारत होत्या. सावकाश, आरामात, ओट्यावर बसल्यासारख्या. ओठ मोठे हलत होते, हात चालत होते, मध्येच दोघी हसल्या. मी दारात खिळून उभी राहिले. शांताबाई माझ्या कानाशी तोंड आणून सांगत होत्या. दोन तर्जन्या जोडून झटकन वेगळ्या केल्या, म्हणजे धागा तुटला. तळहात वर धरला, म्हणजे थांबलेय, चालू करू का? मूठ दोनदा हलवली, म्हणजे कर चालू. हेच तर तू करायचीस! माझं वाक्य संपलं की मूठ दोनदा. पानाचा आकडा बोटांवर. कोणाचं हुकलं की त्याने तर्जन्या वेगळ्या करायच्या आणि तू ते पुन्हा ओठांवर आणायचंस. आयुष्यभर भाषा शिकवून पोट भरलं मी, आणि माझ्याच वर्गात आवाजाशिवाय एक भाषा चालली होती, तिच्यातून माझं अख्खं पुस्तक वज्रेश्वरीहून कामतघरात पोचत होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. अंगावर काटा आला म्हणतात ना, तो त्या दिवशी खरोखर आला. तू पंधरा वर्षांची होतीस.

गुणाबाई बाहेर आल्या. त्या भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पदराने हात पुसून त्या एवढंच बोलल्या, “बाई, पोरीनं कोनाला उत्तर न्हाय सांगितलं. तुमचाच सवाल सांगत व्हती ती.”  मी मान हलवली आणि निघाले.

यापुढचं मात्र माझं पाप आहे. संध्याकाळी मी तुला फोन केला आणि म्हटलं, उद्यापासून वर्गात ये, तुझी तोंडी पुन्हा घेते. घेतलीही, गुणही दिले. त्या वर्षी बोर्डाची परीक्षा रद्द होऊन शाळेतल्या गुणांवर निकाल लागला, तेव्हा त्या शून्याच्या विचाराने मला धडकी भरली होती. पण वर्गाला मी काय सांगितलं? “निशाच्या नेटवर्कचा घोळ होता.” सगळ्या पोरांना खरं माहीत असताना मी खोटं बोलले, आणि माझी लाज राखायला तुम्ही सगळ्यांनी ते मुकाट्याने मानलंत. तू आलीस, पण कॅमेरा बंद ठेवून. शेवटच्या दिवसापर्यंत तुझी चौकट काळी राहिली.

तुझ्या जागी मग मीच हात हलवायला शिकले. भावना आणि शांताबाई माझ्या मास्तरणी. ‘लिहा’ म्हणायला गेले आणि ‘चहा सांगा’ म्हणाले, तेव्हा सगळा वर्ग लोळून हसला. पोरं एकेक करून परतली. एका सकाळी मी तळहात वर धरून विचारलं, चालू करू का? आणि पडदाभर मुठी हलल्या, दोनदा. कोणाच्या मागे चूल, कोणाच्या मागे पाळणा, एकाच्या मागे चक्क बकरी, आणि सगळ्यांची मूठ एकदम. इतकी वर्षं खडू हातात घेतला, पण आपला वर्ग म्हणजे काय चीज आहे ते मला तेव्हा दिसलं. डोळे भरून आले म्हणून मी चष्मा पुसायचं नाटक केलं. तू ते पाहत होतीस की नाही, मला कळलं नाही.

आता हे सगळं आजच का, ते सांगते. तुमच्या तुकडीला निरोप समारंभ मिळाला नाही, म्हणून येत्या शनिवारी भावनाने सगळ्यांना जुन्या वर्गात बोलावलं आहे. मलाही बोलवायला आली होती. निशा येणार ना, असं विचारल्यावर आधी म्हणाली, तिची दापोड्याच्या गोदामात ड्युटी आहे. मग खरं सांगितलं, की बाई असतील तर नको असं तू म्हणालीस. काल बाजारात गुणाबाई भेटल्या. सहज बोलता बोलता म्हणाल्या, पोरगी अजून चार माणसांत बोलताना हात मांडीखाली दाबून बसते. मी भाजी न घेताच घरी आले. निशा, मी चुकले. तुला चोर ठरवलं, आणि कळल्यावरही सर्वांसमोर तुझी क्षमा मागितली नाही. शनिवारी तू ये. अकरा वाजता मी वर्गाच्या दाराशी येईन, पण आत पाऊल टाकणार नाही. तिथूनच तळहात वर धरून तुला विचारीन. तू मूठ दोनदा हलवलीस तर आत येऊन, जे सगळ्यांसमोर केलं ते सगळ्यांसमोर चुकलं म्हणून सांगेन. तुला नको असेल, तर हात खालीच ठेव. मी मुकाट्याने जिना उतरून घरी जाईन, आणि तुम्ही दिवस मजेत घालवा, कारण तो वर्ग तू राखला होतास.

तुझीच,
नीरजाबाई