ताईसाठी केलेलं मलम

सोमवार, ३
आजपासून आम्ही प्रयोगशाळेतल्या बाई! पांढरा कोट मिळाला, तोही दोन मापं मोठा. यात एक पोटभाडेकरू सहज राहील म्हणाली ताई, आणि लगेच मशीनवर बसून त्याच्या बाह्या आत घेतल्या. आईमागे तिनेच मला वाढवलं, शिवणकामावर. लहानपणापासून तिच्या कोपरांच्या आत आणि मनगटांवर इसब आहे. लोकांच्या कपड्यांना रक्त लागू नये म्हणून ती सुती हातमोजे घालून शिवते.

मोठ्या मॅडमनी काम समजावलं. प्रत्येकाच्या कातडीवर जंतू असतातच; काचेच्या ताटलीत खाऊ घालून वाढवले की ते ठिपक्यांसारखे दिसतात. चांगल्या कातडीवर पांढऱ्या ठिपक्यांचे जंतू राखण करतात. इसबात ते कमी होतात, सोनेरी ठिपक्यांचे माजतात आणि खाज वाढवतात. इथे रुग्णाचेच पांढरे जंतू ताटलीत वाढवून, मलमात मिसळून त्यालाच परत लावतात. मी आ वासून ऐकत होते. मला वाटायचं, जंतू म्हणजे साबणाने धुवायचे आणि मोकळं व्हायचं.

बुधवार, ५
काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या तंत्रज्ञांना सगळे घड्याळकाका म्हणतात. वेळ भरल्याशिवाय ते एका ताटलीला हात लावत नाहीत. फार काटेकोर माणूस, पण प्रेमळ.

मॅडमना ताईबद्दल विचारलं. रुग्णांची यादी बंद झाली आहे, पुढची वर्षभराने. ताई हसली, तीस वर्षं काढली, एक काय जड आहे म्हणाली. मला हसू येईना. हातमोजा काढताना तो तिच्या मनगटाला चिकटला होता.

सोमवार, १०
सकाळी ताईच्या कोपरावरून कापसाची काडी फिरवली आणि दुपारी ताटली उबेच्या कपाटात अगदी मागे सरकवली. तिथे कोणी बघत नाही.

मंगळवार, ११
ताटलीभर पांढरे ठिपके! सोनेरी ठिपका औषधालाही नाही. काका रजेवर होते. जेवणाच्या सुट्टीत थोडे ठिपके उचलून वेगळे वाढीला लावले, ताटली परत मागे सरकवली.

गुरुवार, १३
औषधाच्या दुकानातल्या साध्या मलमात कालवले. ताईने बाटली उघडून वास घेतला आणि माझ्या स्वयंपाकापेक्षा बरा आहे म्हणाली.

रविवार, १६
खाज उतरली! रात्रभर झोपली, सकाळी हातमोजे न घालता शिवायला बसली. डॉक्टरांनी कधी जे दिलं नाही ते तू दिलंस, असं म्हणाली. मला रडूच फुटलं.

मंगळवार, १८
कपाट पुसताना मागे ती ताटली सापडली. सोनेरी. सगळीच्या सगळी.

सहज विचारल्यासारखं काकांना विचारलं. भांडी धुता धुता ते म्हणाले, सोनेरी जंतूही पहिल्या दिवशी पांढरटच दिसतात, रंग चढायला दोन-तीन दिवस जातात, म्हणून तर घाई करायची नसते. आणि खाज? कुठल्याही तेलकट मलमाने चार दिवस बरं वाटतं, म्हणाले.

घरी येऊन बाटली फेकली. ताईला सांगितलं, मुदत संपली. खरं सांगायचं होतं. नोकरी जाईल ही भीती होती, आणि ती इतकी खुशीत होती की माझी जीभच रेटेना.

गुरुवार, २०
कोपरांवर पिवळ्या खपल्या. मानेवरही. पाणी वाहतं आहे. अंगात ताप.

शुक्रवार, २१
दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी विचारलं, घरी काही लावलं होतं का. माझ्याआधी ताईच नाही म्हणाली. वर मला डोळा मारला. माझी नोकरी वाचवत होती—आणि मी गप्प राहिले. मी गप्प राहिले.

सोमवार, २४
औषध लागू पडत नाही. डॉक्टर चक्रावलेत. आदल्या दिवशी साफ केलेल्या जागी रोज सकाळी नवी खपली. कोणी चोळून लावावी तशी—

माझ्याच हातांवरून तर जात नाहीत ना, म्हणून शुक्रवारी माझा तळवा ताटलीवर दाबला होता. आज पाचही बोटं उमटली आहेत. सोनेरी.

मंगळवार, २५
जंतू रक्तात उतरले. डॉक्टर माझ्याकडे न बघता बोलले.

बुधवार, २६, सकाळ
नर्सने उशी बदलली. खाली ताईची बटणांची डबी. रिकामी, बोटाने खरवडलेली. मलमाचा तोच वास—

ताईला विचारलं. धापा टाकत म्हणाली, मी बाटली फेकण्याआधीच तिने थोडं काढून ठेवलं होतं. बहिणीने केलेल्या वस्तूला कसली मुदत. रोज पहाटे, नर्स यायच्या आत लावायची. काल संपलं. नवं कधी करतेस—

नऊ वाजता
डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली. उशीर—

ताईला सांगायचं आहे. तोंडाने होत नाही. तिच्या शेजारी बसून इथेच लिहिते, वही तिच्यासमोर धरते.

ताई, ते मलम चांगलं नव्हतं. चूक माझी. मी घाई केली, मग खोटं बोलले. तू मला शिव्या दे. पण आता लावू नकोस—ताई, इकडे बघ. डोळे उघड. एवढी एक ओळ वाच, मग—ताई—