एका नंबरवरची माणसं

प्रिय चष्मिस,

‘प्रिय’ हाताच्या सवयीने लिहिलं गेलंय, त्यावर फार जाऊ नकोस. पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय, म्हणजे शिपाई निदान ते तुझ्या टेबलावर आणून आदळेल. घरी पाठवलं असतं तर तू ते न फोडताच कपाटावर टाकलं असतंस, ओळखते मी तुला. तुझी आई बरी आहे, हे आधीच सांगून टाकते. पण आमच्या वृद्धाश्रमातून तिला हलवायचं घाटत होतं, आणि गेले काही दिवस मला सगळ्याचीच अशी शिसारी आलीय की कुणापुढे तरी ओकून टाकल्याशिवाय चैन पडणार नाही.

झालं असं, की आमचा आश्रम एका मोठ्या संस्थेने चालवायला घेतला. जिन्याखालच्या आमच्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर जुन्या हिशेबनिसांनी हौसेने बनवलेला छोटासा डेटाबेस होता. कोण कुठल्या खोलीत, कुणाला साखर चालत नाही, कुणाचं कोण, सगळं त्यात. तो उचलून संस्थेच्या बड्या सर्व्हरवर न्यायचं ठरलं. त्या जुन्या प्रोग्रामची एक खोड होती. नातेवाइकाच्या फोनचा रकाना रिकामा ठेवला तर तो नोंदच घ्यायचा नाही, नुसता टुंग टुंग करत अडून बसायचा. आणि आमच्याकडच्या कितीतरी जणांच्या मुलांचे फोन एकतर बंद, नाहीतर त्यांनी बजावलेलं की उठसूट फोन करत जाऊ नका. मग मेट्रनबाईंनी तोडगा काढला, आश्रमाचाच नंबर टाका म्हणाल्या, नाहीतरी शेवटी निस्तरायचं आपल्यालाच. तो रिवाजच पडला. ज्याचं कुणी फोन उचलत नाही, त्याच्यापुढे आमचा नंबर. तुझ्या आईपुढेही तोच होता.

त्यातून एक गंमत व्हायची. वाढदिवसाला नोंदीतला नंबर फिरवून घरच्यांशी बोलणं करून द्यायचं, असा आमचा नियम. नव्या टेलिफोनवालीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती आपल्याच फोनवरून आपलाच नंबर लावायची, तो अर्थातच एंगेज यायचा, आणि ती बिचारी शेरा मारायची, ‘मुलगा कामात आहे.’ तुझ्या आईला ते कळलं की ती दिवसभर खूश. सगळ्यांना सांगत सुटायची की बघा, वाढदिवसालासुद्धा त्याला उसंत नाही, एवढा मोठा झालाय. मी तिथेच औषधांच्या पुड्या लावत असायचे. मुलगा कसला कामात, कप्पाळ!

तर सर्व्हरवाला आला. माणूस वाईट नाही, कामात चोख आहे. पण बोलणं असं, की ऐकून अंगावर पाल पडावी. आमच्या नोंदी बघून म्हणाला, डेटा फार घाण आहे, धुऊन घ्यावा लागेल. माणसांच्या नावागावाला घाण म्हणतोय, आणि मेट्रनबाई मान डोलावतायत. धुतलं म्हणजे काय केलं, तर पत्ता एक आणि नंबर एक असला की तो एकच माणूस, चुकून पुन्हापुन्हा टाइप झालेला, असं धरून मशीनने सगळ्यांना एकात घातलं. सोमवारी सकाळी स्वयंपाकघरात यादी आली, तर मागच्या अख्ख्या विंगमध्ये, जिथे सगळे आमच्याच नंबरवरचे, एकच माणूस! नाव तुझ्या आईचं, पुरुष, डाव्या कानाने बहिरा, कवळी, मधुमेह, एक पाय लाकडी, आणि पूर्वीचा धंदा ट्रक चालवणे. ज्याचा तो लाकडी पाय, तो ट्रकवाला म्हातारा हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. म्हणाला, जन्मभर कुणी पोरगी दिली नाही, आता सरकवला एकदाचा एका बाईच्या कुडीत. स्वयंपाकीणबाईंनी यादी चुलीमागे टाकली आणि रोजच्यासारखी ताटं वाढली, म्हणून कुणी उपाशी राहिलं नाही. मीही हसले तेव्हा. नंतर संडासात जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले, कारण मशीनचं काहीच चुकलं नव्हतं. ज्यांना कुणीच विचारत नाही, त्यांच्यात फरक तो काय करणार?

दोन दिवसांत त्याने सगळ्यांना पुन्हा वेगळं काढलं. पण आता प्रत्येकापुढे लाल खूण, की संपर्क खोटा आहे. संस्थेचा नियम असा, की ज्याचा खरा नातेवाईक सापडत नाही त्याने पुलापलीकडच्या मोठ्या इमारतीत जायचं. ती मी पाहून आलेय. स्वच्छ आहे, नाही म्हणत नाही. लांबच लांब हॉल, खाटांना आकडे, जेवण ट्रॉलीवर ठेवून जातात आणि थोड्या वेळाने उचलून नेतात. तुझी आई शेजारी कुणी बसल्याशिवाय घास घेत नाही. तुला आठवत असेल, किंवा नसेलही. मी रोज बसते. जेवता जेवता ती पांघरुणाचा सुटलेला दोरा माझ्या बोटाला गुंडाळते आणि माप बरोबर आलं का म्हणून विचारते. मी हो म्हणते.

तुझा खरा नंबर तुझ्या मावशीकडून मिळवला. सर्व्हर त्यावर एक निरोप पाठवतो, की या तुमच्या आई आहेत ना, हो असेल तर एवढं बटण दाबा. सही नाही, पैसे नाहीत, यायचंसुद्धा नाही. निरोप गेला. आमच्या पडद्यावर उमटलं, पोचला. मग उमटलं, वाचला. उत्तर नाही. पुन्हा पाठवला, पुन्हा वाचला. तिसऱ्यांदाही वाचलास. जुना प्रोग्राम बावळट होता, पण त्याची एक माया होती बघ. त्याला यातलं काही कळायचं नाही, त्यामुळे लाइन खराब असेल, तू परगावी असशील, असं स्वतःला समजावता यायचं. या मोठ्या सर्व्हरने ती सोय काढून घेतली. किळस आली मला तुझी, अगदी पोटातून. आणि ‘परत आलो की आपलं ठरवूया’ म्हणून गेलास, ते धरून मी किती काळ तुझ्याच आईच्या आसपास घुटमळले, त्याचीही.

तेव्हा पत्र कशासाठी, ते ऐक. तुला बोलावण्यासाठी नाही. खरा नातेवाईक दाखवायची संस्थेची मुदत काल संपत होती, म्हणून तुझ्या आईची नोंद मी स्वतः उघडली. संपर्काच्या जागी माझा नंबर घातला. ‘नातं’ या रकान्यात आपल्या मनाचं काही लिहिता येत नाही, दिलेल्या यादीतूनच निवडावं लागतं. जिच्या अंगठीसाठी आईने दोऱ्याने बोटाचं माप घेतलं आणि मुलगा निघून गेला, तिच्यासाठी त्यात काही नाही. आईला विचारलं, काय लिहू? ती म्हणाली, त्यात विचारायचं काय, पोरगी लिही. मी ‘मुलगी’ निवडलं. निरोप माझ्या फोनवर आला, मी तिथल्या तिथे बटण दाबलं आणि लाल खूण गेली. आई इथेच राहील. मग सर्व्हरने विचारलं, आधीच्या संपर्काचं नाव ठेवायचं की काढायचं? मी काढलं. पुढच्या वाढदिवसाला टेलिफोनवाली नोंदीतला नंबर फिरवेल तेव्हा तो माझा असेल, आणि मी तो उचलेन. तुला ते निरोप आता येणार नाहीत, निवांत झोप. कुणी विचारलंच तर काय सांगायचं, ते तुला माहीत असावं, एवढ्यासाठी लिहिलं.

तुझीच,
सर्व्हरच्या नोंदीप्रमाणे कालपासून सख्खी बहीण