आई, तुम्ही लावून दिलेली लाइन

प्रिय आई,

परवा तुमचं वर्षश्राद्ध. पेपरात द्यायचा मजकूर अविनाशने काल लिहून आणला: ‘प्रेमळ, कष्टाळू गृहिणी’. गृहिणी! देवळाली कॅम्पच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होतात तुम्ही, आणि पोटच्या मुलाला ते लिहावंसं वाटलं नाही? मी चिडले, तो शब्द खोडला. मग माझीच मला लाज वाटली. तुमची सून म्हणून इतकी वर्षं एका घरात राहिले, पण त्या एका दुपारपर्यंत मला तरी तुम्ही कुठे कळला होतात?

म्हणून लिहायला बसले.

आठवते ना ती दुपार? मी तेव्हा घरी प्रबंध टाइप करून द्यायचे. सुरगाण्याकडचे गावित सर त्यांच्या बोलीतल्या झाडापानांच्या नावांवर प्रबंध लिहीत होते. चार महिने खपून मी चारशे पानं टाइप केली होती. गुरुवारी प्रबंध द्यायचा, आणि मंगळवारी जुना कॉम्प्युटर आतून कटकट वाजायला लागला. फ्लॉपी कधीच बंद पडलेली, पेन ड्राइव्ह त्याला ओळखू येईना. शेजारी नवा कोरा कॉम्प्युटर, दोघांच्या मध्ये केबल, तरी याच्यातली फाइल त्याच्यात जाईना! दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, “डिस्क चाललीय मॅडम. कधीही बंद पडेल. मी परवा येतो.”

मी रडकुंडीला आले होते. तुम्ही मेथी निवडता निवडता विचारलंत, “लाइन लागत नाहीये का?”

आणि मी काय बोलले! “आई, तुम्हाला यातलं काही कळणार नाही.”

राग कसा आला नाही हो तुम्हाला? पदराला हात पुसत खुर्ची ओढलीत. “कॉम्प्युटर नाही कळत मला. पण दोन टोकं जोडायची तर एकेक बघायचं. आधी तार. मग नंबर. मग पलीकडे उचलणारा आहे का. तू नुसती सगळीकडे हात मारतेयस.”

मी मागे वाकून पाहिलं. केबलपाशी हिरवा दिवा लुकलुकत होता. “तार शाबूत,” तुम्ही म्हणालात. मग दोन्ही कॉम्प्युटरचे आकडी पत्ते वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर लिहून घेतलेत, बोट ठेवून ताडून पाहिलेत. “नंबरही बरोबर. आता रिंग दे.”

जुन्यावरून नव्याला हाक दिली. उत्तर नाही.

“आता उलटी दे.”

नव्यावरून जुन्याला दिली, तर लगेच उत्तर!

तुम्ही हसलात. “म्हणजे म्हातारा उचलतोय गं. हा नवाच उचलत नाहीये. त्याच्या दारात कुणी राखणदार बसवलाय का, बघ.”

फायरवॉल! जुना म्हणून सगळा दोष त्याचाच धरून मी दोन तास त्यालाच खणत बसले होते. नव्यात फाइल शेअरिंगला परवानगी दिली, तर तो पासवर्ड मागायला लागला. “ओळख नाही ना त्याची. म्हाताऱ्याचं नाव नव्याच्या वहीत लिही,” तुम्ही इतकं सहज म्हणालात! जुन्यावरचंच नाव आणि तोच पासवर्ड मी नव्यात घातला, आणि फोल्डर उघडलं.

स्क्रीनवर छोटे छोटे कागद इकडून तिकडे उडायला लागले. आपण दोघी देवासमोर बसावं तशा बसलो होतो.

“तार तीच,” तुम्ही हळूच म्हणालात. “आमच्या वेळी तिच्यातून आवाज जायचा. आता अख्खं पुस्तक चाललंय.”

मग तुम्ही लढाईच्या दिवसांचं सांगितलंत. जवानांच्या बायका नवऱ्याच्या फोनची वाट बघत एक्स्चेंजच्या व्हरांड्यात बसून राहायच्या. बोलणं ऐकायचं नाही असा नियम. पण लाइन लागली की नाही, ते तर ऐकावंच लागायचं. “पहिलं हॅलो तेवढं माझ्या कानात पडायचं. ते ऐकलं की मी कान काढून घ्यायची. त्या हॅलोवरूनच कळायचं गं, माणूस बरा आहे का.”

आई, त्या क्षणी तुमच्याकडे बघायची छातीच झाली नाही माझी. किती जणींची हॅलो घेऊन तुम्ही आमच्या घरात पोळ्या लाटत होतात!

दुसऱ्या दिवशी जुना कॉम्प्युटर बंद पडला तो कायमचा. प्रबंध वेळेत गेला. गावित सर नागलीचं पीठ घेऊन आले, तुमच्या पाया पडले. “मी काही केलं नाही हो,” म्हणून तुम्ही चहा टाकायला आत गेलात. आणि मी? पुढे काय झालं, त्या बायकांचं काय झालं, एकदाही विचारलं नाही. रोज वाटायचं, विचारू कधीतरी. तुम्ही तरी आपणहून का नाही सांगितलंत?

माझी आई पिंपळगावला असते. द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये उभी हयात गेली तिची. कुठला घड बोटीचा प्रवास सोसेल, हे तिला हातात घेताच कळायचं म्हणे. कसं, ते मी कधी विचारलेलं नाही. तिला आता कमी ऐकू येतं. शब्द देते आई, या रविवारी तिच्याकडे जाईन, तिच्या कानाशी बसून विचारीन, आणि तिचं सगळं सांगून होईपर्यंत उठणार नाही.

तुमची,
वैशाली